नगदी भरलेला हप्ता

गडचिरोलीत बसस्टँडच्या मागे माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, पॅनकार्ड आणि फुकट उपचाराचं ते सरकारी कार्ड. किती गावांचे अंगठे माझ्या मशीनवर उमटून गेले त्याचा पत्ता नाही. माझ्या मायचं कार्डही मीच काढलं. फोटोत डोळे मिटले म्हणून तिला तीनदा खुर्चीवर बसवलं होतं.

लोकांच्या हातात कार्ड देताना मी तोंडभरून सांगायचे, आता काळजी सोडा. स्वतःच्या मायच्या बाबतीत मात्र त्या कार्डावर माझा काडीचा विश्वास नव्हता. कोणतं ऑपरेशन यादीत बसतं, कुठल्या दवाखान्यात होतं, मंजुरीला किती दिवस लागतात, हे मी रोज बघत होते. म्हणून तिचा वेगळा आरोग्य विमा काढला. नोकरी करणाऱ्यांचं कोणीतरी बघतं. स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाचं आजारपण त्याच्याच डोक्यावर.

मायच्या वयाबरोबर हप्ताही वाढत गेला. मी कुरकुरायला लागले, तेव्हा माझं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून देणाऱ्या सल्लागाराने आनंदाची बातमी दिली. सरकारी कार्ड असलं म्हणून काही अडत नाही. ते फुकट, त्यामुळे त्याची सूट कसली? पण विम्याचा हप्ता तुम्ही खिशातून भरता, तो उत्पन्नातून वजा होतो आणि आई साठीच्या पुढची असली तर जास्तच. अटी दोन. जुन्या करपद्धतीत राहायचं आणि हप्ता नगदी भरायचा नाही. तेव्हापासून मी दरवर्षी आपल्या खात्यातून हप्ता भरायचे, पावती छापायचे, फाइलला लावायचे आणि खूश व्हायचे. विमा मायसाठी आहे की त्या वजावटीसाठी, हे विचारायची मला गरजच वाटली नाही.

माय राहायची भामरागडच्या वाटेवरच्या गावात. तिकडे नदी चढली की रस्ता जातो, त्याच्यामागून नेटवर्क जातं आणि मग सगळे व्यवहार नगदीच. पावसाळ्याच्या तोंडावर हप्त्याचा मेसेज तिच्या फोनवर गेला. तिने तो शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतला. विम्याचा एजंट गावात आला तेव्हा तेंदूपत्त्याचे आलेले पैसे आणि दोन बकऱ्या विकून आलेले, असे जोडून त्याच्या हातावर ठेवले. पावती घेतली आणि मिळेल त्या गाडीने थेट माझ्या दुकानात आली.

दुकानात गर्दी होती. तिने हसत हसत पावती माझ्यासमोर धरली. "या वेळी म्याच भरून टाकलं. नदी चढली असती त तारीख गेली असती."

मी पावतीवर 'नगदी' वाचलं आणि माझं डोकं फिरलं. "तुले कोनं सांगतलं होतं? नगदी काऊन देल्लं? आता टॅक्समध्ये एक रुपया कट नाई होत! गेले पैसे पाण्यात. फाडून टाक ते!"

रांगेतले लोक माझ्याकडे बघायला लागले. माय म्हणाली, "मले का माहीत, बाई." तिने पावतीची घडी केली आणि पिशवीत ठेवली. मी पुढच्या माणसाचा अंगठा मशीनवर ठेवला. ती कधी उठून गेली ते मी पाहिलंही नाही. मी त्या दिवशी चुकले, असं मला संध्याकाळपर्यंतसुद्धा वाटलं नाही. राग मात्र चार दिवस पुरला.

दिवाळीनंतर एका सकाळी शटर वर केलं तर माय बाहेर पायरीवर बसलेली. हातात सरकारी दवाखान्याचे कागद. "मंजुरी आली का, कॉम्प्युटरवर पाहून दे."

"कशाची मंजुरी?"

तिच्या डाव्या डोळ्यापुढे आधी चिलटं उडायची, मग एका बाजूने अंधार यायला लागला. ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला पडदा सुटलाय, नागपूरला लवकर ऑपरेशन करावं लागेल. खिडकीवर कार्ड बघून त्यांनी विचारलं, दुसरा विमा आहे का? ती नाही म्हणाली. मग कार्डावर मंजुरी येईपर्यंत थांबा, असं सांगितलं. ती एकोणीस दिवस थांबली. मी ओरडेन म्हणून मला सांगितलं नाही.

नंबर टाकायला मी कार्ड प्लास्टिकच्या पाकिटातून ओढलं. कार्डामागून घडी घातलेली ती पावती टेबलावर पडली. खिडकीवर तिने कार्ड दाखवलं तेव्हा ती पावती तिच्या हातातच होती.

मी किंचाळले, "अवो माय, हे चालू आहे! हे होतं नं तुझ्याजवळ!"

"तूच म्हनली होतीस नं, पैसे पाण्यात गेले, फाडून टाक म्हनून. माह्यानं फाडनं नाई झालं."

त्याच दिवशी गाडी केली. नागपूरच्या खाजगी दवाखान्यात विमा लागला, ऑपरेशन झालं, कंपनीने कुरकुर न करता बिल भरलं. नगदी हप्त्याचा विमा ठणठणीत होता. नगदी चालत नव्हतं ते फक्त माझ्या रिटर्नमध्ये. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे आधी आणलं असतं तर काही वाचलं असतं. मी त्यांना एवढंच विचारलं, आता किती दिसेल? ते म्हणाले, या डोळ्याने नाही दिसणार.

पुढच्या जुलैमध्ये त्या वर्षाचं रिटर्न भरायला बसले. सल्लागार फाइल चाळत म्हणाला, "हप्ता नगदी, तो सोडा. पण आईच्या डोळ्याची तपासणी झाली ना? तपासणीचं नगदी चालते. आजाराआधीची तपासणी म्हणून टाकून देऊ."

"टाकू नका."

"काऊन? तुमचाच फायदा होऊन राह्यला."

त्याच्या तोंडावर फाइल मारावीशी वाटली. पण त्याचं काय चुकलं होतं? तो माझीच भाषा बोलत होता.

माय आता माझ्याकडेच राहते. त्या दिवशी मी घरी आले तेव्हा ती खाटेवर बसून चवळीच्या शेंगा निवडत होती. मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिने पूर्ण मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि भीत भीत विचारलं, "यंदाचे तूच भरलीस नं? आता त कट भेटंल?"

"भेटंल, माय," मी म्हणाले. "पूर्ण भेटंल."

"बरं झालं," ती म्हणाली आणि शेंगांकडे वळली.