बोयांवरचा नंबर

आता हे कुठल्या तोंडाने सांगू? आधी चहा संपवा, नंतर घशाखाली उतरायचा नाही.

दिल्लीत संवादशास्त्रात एम.ए. करून मी सातपाटीला परतले. गाव बदलायचं होतं. सुरुवात घरातून! कोनाड्यात, भरतकामाच्या रुमालाखाली, लँडलाइन बसलेला. पाच महिन्यांत एकदाही वाजला नव्हता.

"आई, काढून टाकू हा. वाजतो तरी का?"

"वाजत नाय तेच बरं हाय, बाय."

अंधश्रद्धा! मी अर्ज लिहिला. बाबांनी न वाचता सही ठोकली. मुलगी शिकलेली ना!

बाबा बोट घेऊन मासेमारीला गेले, त्याच आठवड्यात फोनची लाइन तुटली. कोनाड्यात मी माझा लॅपटॉप ठेवला.

"नंबर तोच ऱ्हाईल ना गं?" आईने विचारलं.

"हो गं," म्हटलं. कुठला नंबर, कशाला, कोण ऐकतंय?

बाबा जाळ्याशिवाय परतले. पाण्याची ओढ जबर होती, जाळं तुटून वाहून गेलं. पुरा हंगाम त्यावर. तरी चेहरा शांत!

"गावेल कुनाला तरी. बोयांवर नंबर हाय."

बोया म्हणजे जाळं तरंगतं ठेवणारे गोळे. प्रत्येकावर आमच्या घरचा नंबर रंगवलेला. ज्याला जाळं सापडेल तो फोन करतो, ही किनाऱ्यावरची रीत. म्हणजे तो फोन वाजत नव्हता, तोवर आमचं जाळं जागेवर होतं. कळलं?

मला तेव्हा कळलं.

बाबा लॅपटॉपसमोर मांडी घालून बसले. "फोन यावरच येतो ना आता?"

मी पालघरला धावले. टेलिफोनच्या कार्यालयातल्या बाईंनी माझाच अर्ज पुढे केला. "मॅडम, 'कायमचा बंद करावा' लिहिलंय. 'कायमचा'खाली रेघपण मारलीय तुम्ही."

महिन्याने डहाणूचा एक नाखवा बाबांना बंदरात भेटला. "आठ दिस लावला तुमचा नंबर. फोनातली बाई सांगते, नंबर अस्तित्वात नाय. आमाला वाटलं, घरच उठलं. मग कापून वाटून घेतलं जाळं."

घरी येऊन बाबांनी मला हे जसंच्या तसं सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवं जाळं आलं, कर्जाने. नवे बोये आले.

"माझा मोबाईल नंबर टाका ना, बाबा."

"तू उद्या परत जाशील. शेजारच्या काकूचा टाकू. तिच्याकडं अजून वायरवाला हाय."

रंगाचा डबा आणि ब्रश मात्र त्यांनी माझ्या हातात दिला.

"तू लिव. शिकलेली हायस, अक्षर चांगलं हाय तुजं."