पूजेतली बंदूक

“अरे, हात लावू नकोस! भरलेली आहे ती!” काकू किंचाळली आणि बंदुकीला कुंकू लावायला निघालेलं माझं बोट हवेतच गोठलं.

खंडेनवमीची पूजा होती. पाटावर कोयता, विळा आणि झेंडूची माळ घातलेली काकांची बंदूक. नळी माझ्याकडे. बैलगाडी आरपार जाईल एवढी मोठी दिसली मला ती! एरवी तिच्या कपाटाला अशी कुलपं, की उघडता उघडता चोर म्हातारा व्हावा. चोर काही कधी आला नाही. हार घालून तिच्यापुढे बसतो ते आम्हीच, लेकराबाळांसकट. भीती बाहेरच्याची, नळी मात्र घरच्यांवर.

“काका, काडतूस तरी काढून ठेवत जा हो!”

काका उदबत्ती ओवाळत म्हणाले, “रिकामी बंदूक कुलपात कशाला ठेवायची?”