गाणं, एक नग

कारखान्यात त्यांना कुणी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. मुख्य भांडाराच्या किल्ल्या नोकरीभर त्यांच्या कमरेला होत्या, म्हणून ते कुलूपकाका. भांडारातून साधा स्क्रू न्यायचा असला तरी काका आधी जुना, झिजलेला स्क्रू मागून घेत. एकदा खुद्द मोठ्या साहेबांनी पेन्सिल मागवली, तेव्हा काकांनी अत्यंत अदबीने आधीच्या पेन्सिलीचं थोटूक मागितलं. साहेबांनी ते स्वतः कचऱ्याच्या टोपलीत हात घालून शोधून दिलं. असा माणूस निवृत्त झाला की कारखाना सुटकेचा निःश्वास टाकतो आणि घरच्यांची पाचावर धारण बसते.

घरच्या म्हणजे एकट्या काकू. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. निवृत्तीनंतर काकांनी पहिलं काम काय केलं असेल, तर स्वयंपाकघराची पाहणी. एकाच कामाला इतके चमचे कशाला, असं त्यांनी विचारलं मात्र, काकूंनी त्याच दिवशी हद्द आखून दिली. तुम्ही दाराच्या अलीकडे, मी पलीकडे. चहा बाहेर मिळेल. काकांनी ते मुकाट्याने मान्य केलं. परिणाम असा, की कारखान्यातला बारीकसारीक सुटा भाग डोळे मिटून काढून देणाऱ्या या माणसाला आपल्या घरात मीठ कुठे असतं ते ठाऊक नव्हतं.

मग लेकीचं बाळंतपण आलं. काकूंनी तिच्याकडे जायचं आणि काही महिने राहायचं ठरलं. काकूंनी जागेवरच विचारलं, "अहो, तुम्ही राहाल ना नीट?"

"मला काय धाड भरलीय? जा तू खुशाल," काका म्हणाले आणि वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले. संसार सुरू झाल्यापासून काकूंशिवाय या घरात ते कधी राहिलेच नव्हते. पण हे सांगायचं कसं? भांडारात जे नव्हतं ते नाही म्हणून सांगायची सवय होती. जे नसणार आहे त्याबद्दल आधी बोलायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं आणि दोन वस्तू बाहेर काढल्या. एक होती काडेपेटीएवढी, चकचकीत, अजून खोक्यातच असलेली. लेकीने निवृत्तीची भेट म्हणून पाठवलेला म्युझिक प्लेअर. "बाबा, खिशात ठेवा, कानात लावा, वेळ जाईल," असं ती म्हणाली होती. काकांनी तो कुलपात ठेवला होता, कारण नवी वस्तू वापरली की ती नवी राहत नाही. दुसरी वस्तू होती एक कॅसेट.

या कॅसेटचं प्रकरण जरा सांगायला हवं. लग्नाच्या पुढच्याच वर्षी कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमात काकू गायल्या होत्या. कामगारांच्या घरच्यांपैकी कुणीतरी गावं अशी टूम निघाली आणि नव्या नवरीला पुढे करण्यात आलं. सगळा कारखाना म्हणे स्तब्ध बसून राहिला. फक्त एक माणूस तिथे नव्हता. बक्षिसांचे पेले भांडारात होते आणि पेल्यांपाशी कुणीतरी थांबायला हवं होतं. काका थांबले. ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्याने नंतर त्यांना ही कॅसेट आणून दिली आणि काकांनी ती इतकी जपली, की वाजवली म्हणून नाही. वाजवून फीत झिजते. पुढे टेपरेकॉर्डर बिघडला, काकूंचं गाणं संसारात कुठेतरी विरलं आणि कॅसेट कुलपात सुखरूप राहिली. बायकोचं जे गाणं सगळ्यांनी ऐकलं, ते नवऱ्याने तेवढं ऐकलं नव्हतं.

आता ते गाणं काडेपेटीत भरून घ्यायचं, काकू गेल्या की कानात लावून बसायचं, असा काकांचा बेत होता. हे कुणाला कळलं असतं तर त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. जावयाने दिलेला जुना संगणक घरात झाकून ठेवलेला होताच. "शिकून घ्यावा म्हणतो," एवढंच बोलून काका संगणकाच्या वर्गात दाखल झाले.

वर्ग एका चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. शिकवणाऱ्या मॅडम काकांच्या लेकीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी माऊस टेबलाच्या कडेला पोचला की काका तो उचलून खाली जमिनीकडे न्यायचे. पण फोल्डर म्हणजे कप्पा आणि कप्प्यात कप्पा, हे कळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणजे हेही भांडारच! मग मात्र ते सुसाट सुटले. वर्ग संपताना पडद्यावरची कचरापेटी रिकामी करून जाणारे ते एकटेच.

घोडं अडलं ते 'कॉपी'पाशी.

"इथून उचलून तिकडे टाकलं," काका म्हणाले, "तर इथलं गेलं पाहिजे."

"नाही हो काका. इथलं इथेही राहतं. आता दोन झाल्या."

"दुसरी आली कुठून?"

"कुठून म्हणजे? संगणकाने केली."

"कुणाच्या परवानगीने?"

मॅडमनी हात टेकले. काकांना राहवेना. आपल्या भांडारात एकाच्या दोन वस्तू निघाल्या असत्या तर चौकशी बसली असती, आणि ही मुलगी हसत हसत सांगतेय!

तरी बाई गुणी होती. कॅसेटमधलं गाणं संगणकात उतरवून घ्यायची खटपट तिनेच केली. "ऐकून बघा काका, नीट आलंय का," म्हणून तिने हेडफोन पुढे केला. काकांनी तो लावला. आधी खरखर झाली, कुणीतरी खोकलं, आणि मग एक कोवळा, किंचित घाबरलेला आवाज सुरू झाला, जो दुसऱ्या ओळीला घाबरायचं विसरला. काका पडद्यावरच्या बाणाकडे एकटक बघत राहिले. गाणं संपलं तरी हेडफोन काढेनात. पंख्यामुळे डोळ्यांत धूळ जाते, असं काहीतरी ते नंतर पुटपुटले. वर्गातला पंखा त्या दिवशी बंद होता, पण मॅडमनी विषय वाढवला नाही.

पुढे जे झालं ते अतिशय पद्धतशीर झालं. माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, पण इतक्या शिस्तीत?

मॅडमच्या संगणकावर गाणं राहता कामा नये. आपला माल आपल्याकडे. काकांनी मागे उभं राहून ते पुसून घेतलं. "एक राहू द्या की माझ्याकडे," ती म्हणाली, तर त्यांनी अशी नजर टाकली, की बिचारीने मुकाट्याने बटण दाबलं. तिच्या पेन ड्राइव्हवरून गाणं घरच्या संगणकात आलं. पेन ड्राइव्ह रिकामा करून परत गेला. घरच्या संगणकातून गाणं प्लेअरमध्ये चढलं; म्हणजे माल दिला गेला. दिलेला माल फळीवर कसा ठेवायचा? काकांनी तो संगणकातून काढला आणि कचरापेटीही रिकामी केली. राहिली कॅसेट. बाद झालेला माल फोडून टाकायचा, नाहीतर तो मागच्या दाराने परत येतो, हा कारखान्याचा नियम. काकांनी फीत बाहेर ओढली आणि कात्रीने तिचे तुकडे केले. आता सगळ्या जगात ते गाणं एकाच ठिकाणी होतं, आणि ते ठिकाण त्यांच्या खिशात होतं. निवृत्तीनंतर इतकं समाधान त्यांना मिळालं नव्हतं.

दोनतीन दिवस काका भलत्याच चांगल्या मनःस्थितीत होते. गच्चीवर जाऊन येत, गॅलरीत जाऊन येत. काकूंनी विचारलं, "काय ऐकता हो सारखं?" तर म्हणाले, "बातम्या."

काकू निघायच्या आदल्या सकाळी प्लेअरची बॅटरी उतरली. चार्ज करायला तो संगणकाला जोडावा लागे. काकांनी जोडला. पडद्यावर एक खिडकी उघडली. इंग्रजी मजकूर होता; काकांनी एकेका शब्दावर बोट ठेवून तो लावला. मतलब असा, की प्लेअरमध्ये जे आहे आणि संगणकात जे आहे, त्यांचा मेळ बसत नाही. संगणकाप्रमाणे प्लेअर जुळवून घ्यायचा का?

जुळवायचं का! उभ्या आयुष्यात काकांना इतका गोड प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी होकाराचं बटण दाबलं. एक पट्टी भरभर सरकली आणि संपली. संगणकात काही नव्हतं, प्लेअरमध्येही काही उरलं नाही. हिशेब तंतोतंत जुळला.

काकांना हे कळायला वेळ लागला. त्यांनी प्लेअर हलवला, बंद करून चालू केला. मग जिना उतरून, तसेच घरच्या चपलांत, वर्गात गेले. मॅडमनी सगळं करून पाहिलं आणि विचारलं, "घरी एक कॉपी असेल ना? नाहीतर मूळ कॅसेट?"

काकांनी प्लेअर खिशात टाकला आणि ते उठले. कात्रीची गोष्ट त्यांनी तिला सांगितली नाही.

घरी काकू स्वयंपाकघरात बॅग भरत होत्या. काका स्वयंपाकघराच्या दारात, हद्दीच्या अलीकडे, येऊन उभे राहिले.

"अगं, एक मागायचं होतं."

"चहा?"

"नाही. ते... गाणं म्हणशील का?"

काकूंच्या हातातली साडी तशीच राहिली. "कुठलं गाणं?"

"कारखान्यातलं. कार्यक्रमातलं."

"तुम्ही कुठे होतात तेव्हा? तुम्ही तर पेले राखत होतात."

म्हणजे इतकी वर्षं ही विसरली नव्हती. मग काकांना सगळंच सांगावं लागलं. कॅसेट, वर्ग, मॅडम, खिडकीतला प्रश्न, शेवटी कात्रीसुद्धा. सांगताना त्यांचा आवाज बारीक होत गेला. "तू नसताना ऐकायला म्हणून," हे तर इतकं हळू म्हणाले, की काकूंना पुढे वाकावं लागलं.

काकू आधी पोट धरधरून हसल्या. मग हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले.

"आता कुठला आलाय गळा," त्या म्हणाल्या. "शब्दही आठवत नाहीत. आणि ते मशीन? त्यात भरता येतं का आवाज?"

येत होतं. काकांनी बटण दाखवलं. ते तिथेच उभे राहिले, तेव्हा काकू म्हणाल्या, "तुमच्यासमोर नाही जमायचं. जा, फिरून या." काका रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी काकूंनी प्लेअर त्यांच्या हातात ठेवला. "झालंय. पण मी गेल्यावरच ऐका."

दुसऱ्या दिवशी काकूंना गाडीत बसवून काका घरी आले. कुलूप काढलं, आतून लावलं, खुर्चीत बसले, प्लेअर कानाला लावला आणि डोळे मिटले.

"अहो, ऐका," काकूंचा आवाज आला. "मीठ शेगडीच्या वरच्या फळीवर, डावीकडे, निळ्या झाकणाची बरणी. त्याच्या शेजारी साखर आहे, चव घेऊन बघा, नाहीतर घोटाळा कराल. तांदूळ खालच्या मोठ्या डब्यात. गॅस रात्री खालून बंद करायचा. दूध उतू जातं, समोर उभं राहायचं, पेपर घेऊन नाही..."

काकांनी डोळे उघडले. गाणं मागितलं तर बाईने मालाची यादी वाचून दाखवली! त्यांना राग आला, हसू आलं आणि थोडं रडूही आलं. पण भांडाराचाच माणूस. ऐकणं अर्धवट सोडवेना. ते उठले आणि आवाजामागून स्वयंपाकघरात शिरले. ती म्हणेल तो डबा उघडून बघू लागले. सगळं जिथल्या तिथे होतं. आपल्यापेक्षा चोख भांडार आपल्याच घरात चाललं होतं हे त्यांना आज समजलं.

"...आणि चहाची पूड... अगंबाई, कुठे ठेवली मी?" काकूंचा आवाज म्हणाला. भांड्यांचा आवाज, झाकणांचा आवाज. आणि त्या शोधाशोधीत, मशीन चालू आहे हे साफ विसरून, काकू गुणगुणू लागल्या. तेच गाणं. शब्द अर्धे गाळलेले, सूर थकलेला, मध्येच एक डबा आपटलेला. पण दुसऱ्या ओळीला आवाज तसाच मोकळा झाला. काका एका हातात निळं झाकण घेऊन उभे होते. "ही बघा, सापडली," काकू म्हणाल्या आणि गुणगुणणं थांबलं.

त्या संध्याकाळी काका वर्गात गेले. मॅडमच्या संगणकात एक कॉपी ठेवली, पेन ड्राइव्हवर एक, लेकीला एक पाठवली. "तुमच्या घरच्या संगणकातही ठेवा," म्हणाले. मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "काका, इतक्या?"

"असू द्यात," काका म्हणाले. "चौकशी बसली तर मी बघून घेईन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीकडे फोन लावला आणि काकूंना बोलावून घेतलं.

"अगं, मीठ कुठे आहे?"

"अहो, सगळं सांगितलंय ना त्यात! ऐकलं नाहीत?"

"ऐकलं. चारदा ऐकलं."

"मग आता काय?"

काका मिठाच्या बरणीवर हात ठेवून उभे होते. "ते मशीन एकदा बोललं की गप्प बसतं," ते म्हणाले. "तू सांग."

पलीकडे काकूंनी घसा खाकरला. "शेगडीच्या वरची फळी," त्या म्हणाल्या, "डावीकडे."

"हं," काका म्हणाले. "आणि साखर?"