फोनचा पॉइंट वर घेतला

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढंसुद्धा नाही — देवापुढं हात जोडले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागायला लागते. पोरीचं लग्न, ह्यांचं ब्लड प्रेशर. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट तशी फोनच्या पॉइंटची. हसाल तुम्ही. भिंतीवर ती पांढरी डबी असते, जिच्यात फोनची वायर खुपसतात — ती मी खालच्या खोलीतून वरच्या खोलीत नेली. एवढंच. म्हणजे, एवढंच असतं तर मी लिहायला बसले असते का?

आमचं घर शिवाजी पेठेत, बोळात. खाली दोन खोल्या, वर एक, आणि मधी लाकडी जिना, चौदा पायऱ्यांचा, अगदी उभा. फोन खाली, बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. त्यांची खुर्ची फोनला लागूनच, कारण त्यांचे गुडघे गेलेले. दोन वर्षांत त्यांनी जिना चढला नव्हता. हे मला पक्कं माहीत होतं. आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढं मी सारवासारव करीन.

माझी नणंद मंगल गारगोटीकडच्या एका खेड्यात दिलेली. तिच्या सासरी फोन नव्हता. दारासमोरच्या किराणा दुकानात नाणं टाकायचा कॉइन बॉक्स होता. दुपारी साडेतीनला तिची सासू आडवी झाली की ती तिथं जायची, आमच्या घरी दोन रिंगा द्यायची आणि ठेवून द्यायची. समोरून उचललं नाही की नाणं परत मिळतं. मग आत्ती दुकानाचा नंबर फिरवायच्या, आणि मंगल तिथंच उभी असायची. आठवड्यातनं दोनदा, कधी तीनदा. त्या काळात सगळेच असं करायचे, त्यात काही विशेष नव्हतं.

विशेष हे, की आत्ती हळू बोलायच्या. आत्ती! त्यांनी घरात हाक मारली की बोळाच्या टोकाला नळावरच्या बायका वळून बघायच्या. आणि फोनवर मात्र तोंडापुढं हात धरून कुजबुज. मी चहा घेऊन गेले की विषय बदलायचा, लगेच तिकडच्या पावसाची चौकशी. एकदा मी दाराआड उभी होते — मुद्दाम नव्हे, बरं का. — नाही, मुद्दामच. तेव्हा कानावर आलं, "वयनीला कळाय नको."

झालं. वयनी म्हणजे मीच की. मी नेसरीची. तोंडावर चार शिव्या द्या, मी पाच परत देईन आणि संध्याकाळी एका ताटात जेवीन. पण पाठीमागचं बोलणं मला खपत नाही. काय बोलत असतील? माझ्या हातच्या आमटीबद्दल? माझ्या माहेरच्यांबद्दल? पहिली मुलगीच झाली त्याबद्दल? भांडी घासता घासता मी त्या दोघींचं बोलणं मनात रचायची, आणि मीच रचलेलं मनाला लावून घ्यायची. इतका मूर्खपणा तुम्ही कधी केलाय? मी वर्षभर केला.

त्यात ब्रॉडबँड आलं. हे फौंड्रीवाल्यांसाठी ड्रॉइंग काढून द्यायचे आणि रोज संध्याकाळी पेन ड्राइव्ह घेऊन सायबर कॅफेत रांगेत बसायचे. दिवाळीनंतर घरीच नेट घ्यायचं ठरलं. कॉम्प्युटर वरच्या खोलीत. लाइनमन दुपारी आला तेव्हा हे कामावर होते. पन्नाशीचा माणूस, कपाळाला गंध, बोलायला मऊ. त्यानं आत्तींना खुर्चीत बघितलं आणि आपणहून म्हणाला, फोन आहे तिथंच राहू दे. एक छोटी डबी बसवतो, जिन्यावरनं वायर ओढतो, वर मोडेम चालेल आणि खाली फोन चालेल. म्हातारीला कशाला त्रास?

मी त्याला वर बोलावलं आणि सांगितलं, नको. फोनपण वरच घ्या. खाली पॉइंट ठेवूच नका.

त्यानं माझ्याकडं जरा बघितलं. तुमचं घर, तुम्ही ठरवा, असं काहीतरी म्हणाला आणि ड्रिल लावलं. संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, फोन मोडेमच्या शेजारीच पाहिजे म्हणाला, नाहीतर फोन वाजला की नेट तुटतं. ह्यांना पटलं. आत्तींनी एवढंच विचारलं, "आणि मंगलची रिंग?" मी म्हटलं, मी असतेच की वर दुपारची, वाजली की हाक मारीन, तुम्ही सावकाश या.

आता वाटेल तुम्हाला, की हाच माझा गुन्हा. नाही हो. अजून खरं आलंच नाही. मी अजून कडेकडेनंच फिरतेय.

पहिल्यांदा रिंग वाजली तेव्हा मी हाक मारली. आत्ती उठल्या. एकेक पायरी बसून, हातानं कठडा ओढत, मध्ये दोनदा दम खात वर आल्या. मी नंबर लावून दिला. दुकानदार म्हणाला, ती आत्ताच गेली. तिची सासू उठायच्या आत तिला घरात असावं लागायचं. दुसऱ्यांदाही तेच झालं. आत्ती वरच्या खोलीत फरशीवर बसून राहिल्या, हातात रिसीव्हर तसाच. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मी हाक मारली नाही.

आत्तींचे हाल बघवत नव्हते म्हणून? असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. थापा. त्या यायच्या आत मीच दुकानात फोन लावून मंगलला दोन मिनिटं थांब म्हणू शकले असते. ते सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. मला बरं वाटत होतं, हे खरं. आता करा म्हटलं कुजबुज.

खालून आवाज यायचा, "वाजला काय गं?" आणि मी वरून म्हणायची, नाही. कॉम्प्युटरवर ह्यांच्या फाइली उतरत असायच्या आणि मी नाही म्हणायची. पहिल्या दिवशी जीभ जरा अडखळली. नंतर नाही. खोटं अंगवळणी पडायला वेळ लागत नाही, चार दिवस पुरतात.

दोन महिने गेले. संक्रांतीला हे तिळगूळ घेऊन मंगलकडं जाऊन आले. सासरचे सगळे भोवती बसलेले, त्यांच्यासमोर ती म्हणाली, बरं चाललंय. आणि मला दिसायला लागलं, की आत्ती हलक्या होत चालल्यात. रिंग येत नाही म्हणून खंगायचं सोडून हसतमुख. जेवण वाढलं. मला काही कळेना.

एका शुक्रवारी म्हणाल्या, अंबाबाईची ओटी भरायची आहे, चल माझ्याबरोबर. खण, नारळ, तांदूळ घेतले, रिक्षा केली. रिक्षात त्यांनी माझा हात हातात घेतला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"आता तुला सांगाय हरकत न्हाई," म्हणाल्या. "जावई मंगलला मारतोय. ज्या दिशी त्यानं हात उचलला त्या दिशी तिनं रिंग द्यायची, असं आमचं ठरलं हुतं. दोन म्हयनं झालं, एक रिंग न्हाई. अंबाबाईनं ऐकलं बघ माझं."

मग सगळं सांगितलं. भावाला कळलं तर तो काठी घेऊन निघेल, लेकीचा संसार मोडेल, आणि वहिनीला सांगितलं तर ती नवऱ्याला सांगितल्याशिवाय राहायची नाही — म्हणून मला कळू द्यायचं नव्हतं. माझ्याबद्दल त्या दोघी एक शब्द बोलत नव्हत्या. वर्षभरात एक शब्द नाही.

आणि रिंगा येत होत्या. त्याच आठवड्यात दोन आल्या होत्या. म्हणजे आठवड्यातनं दोनदा. कधी तीनदा. मी रिक्षात बसून हिशोब करत होते आणि माझ्या मांडीवर ओटीचं ताट होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. रिक्षा थांबवून, तिथल्या तिथं. इथवर मी जे केलं ते जळफळाटापोटी, न कळता. पण आता तर कळलं होतं ना? तोंड उघडायचं, आत्ती, मी खोटं बोलले, एवढंच म्हणायचं. चार शब्द. मी नारळ पुढं केला. आत्तींनी ओटी भरली, डोळे पुसले, मला कुंकू लावलं. मी लावून घेतलं.

नंतर तर आत्ती विचारायच्याच बंद झाल्या, वाजला काय म्हणून. विचारलं असतं तर कदाचित एखाद्या दिवशी तोंडून हो निघून गेलं असतं. आता मला आपणहून सांगायचं होतं. सोमवारी दोन रिंगा आल्या. मी उठले, जिना उतरले, त्यांच्यासमोर उभी राहिले. त्या म्हणाल्या, काय गं? मी म्हटलं, चहा ठेवू का?

हो म्हणाल्या. मी चहा ठेवला.

आणि आता ते. बुधवारी साडेतीनला फोन वाजला. दोन रिंगा झाल्या — थांबला नाही. तिसरी. चौथी. वाजतच राहिला. म्हणजे आज तिला नाणं परत नको होतं. मी उचलला.

"वयनी, आईला दे की जरा."

तिचा आवाज मला ओळखू आला नाही. तोंड सुजलं की माणूस असं बोलतं, हे मला नंतर कळलं. खालून सुपाचा आवाज येत होता. आत्ती गहू पाखडत होत्या, तोंडानं काहीतरी गुणगुणत होत्या. हाक मारायची की तिला थांबवून धरायचं? दोघी बोलल्या असत्या तर एका मिनिटात सगळं उघडं पडलं असतं. मंगल म्हणाली असती, रिंग देत होते. आत्ती म्हणाल्या असत्या, रोज विचारत होते. मग मधी कोण होतं?

"आत्ती झोपल्यात गं," मी म्हटलं. "उद्या कर."

ती बरं म्हणाली, आणि फोन ठेवला.

हेच ते. इतकी वर्षं जे पोटात आहे ते हेच. पॉइंट वर नेला ते नव्हे, रिंगा दाबल्या तेही नव्हे. आत्ती जाग्या होत्या, आणि मी झोपल्यात म्हटलं.

त्यानंतर ना रिंग, ना फोन. आठ दिवसांनी मंगल एकटी एसटीनं आली. डाव्या कानावर पदर घट्ट धरलेला. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, फार दिवस अंगावर काढलंय, ह्या कानानं आता ऐकू यायचं नाही. हे आणि तालमीतले चौघे जाऊन तिचं सामान घेऊन आले. मंगल परत गेली नाही.

स्वयंपाकघरात आत्तींनी तिला विचारलं, रिंग का दिली नाहीस? मंगल म्हणाली, देत होते की. आत्ती म्हणाल्या, वाजलीच नाही गं. दोघींनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात पोळीचा उंडा होता. तेवढ्यात हे म्हणाले, पॉइंट हलवला तेव्हापासनं लाइन गंडलीय, त्या लाइनमनला बघतोच. मंगल माझ्याकडं बघत होती. मग खाली बघून म्हणाली, "लाइनच खराब असंल."

लाइनमनला दारात उभं करून हे वाटेल ते बोलले. तो बिचारा वायर तपासत राहिला, लाइन चांगली आहे म्हणत राहिला. एकदा माझ्याकडं बघितलं त्यानं. मी आत गेले. फोन त्यानं पुन्हा खाली आणून बसवला आणि निघून गेला.

आत्ती पुढं चार वर्षं होत्या. रोज संध्याकाळी मी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायची, आणि त्या म्हणायच्या, ह्या गुडघ्यांनी माझ्या लेकीचा कान खाल्ला. मला जिना चढता आला असता तर मीच दुकानात फोन लावला असता. असं म्हणतच गेल्या. मी चोळत राहिले. त्यांना वाटायचं, अशी सून मिळायला भाग्य लागतं. चारचौघींत तसं सांगायच्याही.

मंगल आमच्याकडंच असते. शिलाई करते. तिच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागतं, आता सगळ्यांना त्याची सवय झालीय. आमच्या दोघींचं कधी भांडण होत नाही. तिला कळलंय की नाही? मी एवढी वर्षं तिच्या तोंडाकडं बघत आलेय आणि मला सांगता येत नाही. विचारायची छाती नाही. कधीच नव्हती.

परवा माझ्या मुलीचं लग्न झालं. साडी नेसवताना मी खाली बसून निऱ्या धरल्या होत्या आणि मंगल तिचा पदर खांद्यावर टाचत होती. पोरगी लांब पुण्याला चाललेली, सगळ्या बायका काही ना काही सांगत होत्या. मंगलनं तोंडातली पिन काढली आणि तिला म्हणाली, "काय झालं तर आईला फोन कर. आणि झोपलीय म्हणालं कोण, तर उठवायला लाव."

पोरगी हसली. म्हणाली, आत्या, आई कुठं झोपते गं दुपारची?

मंगलही हसली आणि दुसरी पिन लावायला लागली. मी निऱ्या धरून बसले होते, मान वर केली नाही.