एल्यासचा आवाज आणि दोन भोकांचा कॉम्प्युटर

किस्से गोळा करावे लागत नाहीत. एक वायर घ्या, तिच्याभोवती साठीची तीन माणसं बसवा, आणि प्रत्येकाला वाटू द्या की यातलं आपल्यालाच कळतं. पंख्यावर धूळ बसते तसे किस्से आपोआप साचतात! बाळू आणि मी भेटलो की कोणता सांगायचा यावरूनच आमचं वाजतं.

तिघं म्हणजे मी, बाळू पेडणेकर आणि एल्यास. एकाच ऑर्केस्ट्रातले. मी कीबोर्डवर, बाळू ढोलकीवर, एल्यास गायला. लग्न, हळद, सत्यनारायण, बोरिवली ते मुलुंड कुठेही बोलवा, आम्ही हजर. मग डीजे आले आणि आमची वाट लागली. बाळू दहिसरला, मी घाटकोपरला, एल्यास अंधेरीच्या गावठाणात, असे तीन दिशांना बसलो.

त्यात एल्यासच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल. संध्याकाळी मला फोन. आवाज आधीच खरखरीत झालेला.

"संज्या, कीबोर्ड घेऊन ये. जायच्या आधी भरून ठेवायचाय."

"कोण जायच्या आधी?"

"आवाज रे! मी इथेच आहे."

मोबाइलवर करू म्हटलं तर भडकला. "जन्मभर लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओत गायलो. माझ्या प्रत्येक गाण्यात मागून कोणीतरी ओरडतंय, पापड संपले! एकदा तरी नीट होऊ दे ना यार. आवाज वेगळा, कीबोर्ड वेगळा, सगळं कॉम्प्युटरवर."

*

कॉम्प्युटर त्याच्या मुलीचा. ती कॅनडाला गेली, तो टीव्हीच्या मागे चिकटलेला राहिला. साबणाच्या वडीच्या डब्याएवढा. यूएसबीची भोकं दोन. एकात माऊस, दुसऱ्यात टाइप करायचा कीबोर्ड. माझा कीबोर्ड लावायचा कुठे?

माऊस काढला तर 'रेकॉर्ड'वर क्लिक कशानं करणार! टाइपवाला काढला तर कॉम्प्युटर पासवर्ड मागायचा, तो टाकणार कशानं? शेवटी ठरलं, आधी पासवर्ड टाकायचा आणि मग टाइपवाला काढायचा.

मी म्हटलं, "बाळू, कीबोर्ड काढ." त्यानं माझ्याच कीबोर्डचा प्लग काढला.

"अरे, तो नाही, दुसरा कीबोर्ड!"

त्यानं दुसराही काढला. एल्यास खाटेवरून बघत होता. म्हणाला, "घरात कीबोर्ड दोन, अक्कल एकही नाही!"

*

माझा कीबोर्ड जुना. त्याच्या मागे गोल सॉकेट, कॉम्प्युटरला चपटं. मधे लावायची वायर शोधायला बाळू साकीनाक्याला गेला. दुकानदारानं विचारलं, "कौनसी मशीन का पार्ट है?"

बाळू म्हणाला, "आदमी का."

वायर मिळाली. तिच्या एका टोकावर 'इन' लिहिलेलं, एकावर 'आऊट'. आम्ही शहाणी माणसं, 'इन' ते 'इन'मध्ये घातलं. काहीच होईना. शेवटी कंटाळून उलटं लावलं, तर वायरवरचा दिवा लुकलुकायला लागला!

"दिवा लागला! म्हणजे जिवंत आहे!" बाळू नाचायलाच लागला.

एल्यास म्हणाला, "दिवे आयसीयूमध्ये पण लागतात."

*

पण माइकलाही भोक हवंच. म्हणून एका भोकाची चार करणारा हब आणला. सगळं एकदम लावलं आणि कॉम्प्युटरनं मान टाकली. उचलून रिपेअरवाल्याकडे नेला. आत काही वाढवता येईल का विचारलं, तर तो हसला. "अंकल, ये डब्बा जैसा आया वैसाच रहेगा. इसमें कुछ नहीं बढ़ता."

एल्यासला येऊन सांगितलं. तो म्हणाला, "नशीबवान आहे. माझ्यात बघ, न विचारता वाढतंय."

बाळूनं उगाच पंखा वाढवला.

रिपेअरवाल्यानं वेगळ्या करंटवर चालणारा हब दिला होता. त्याला प्लग हवा. खोलीतला एकमेव रिकामा प्लग फ्रिजच्या पाठीमागे, आणि तोही रिकामा नव्हता, आम्ही काढलेली पिन फ्रिजचीच होती, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं! एल्यासच्या बायकोनं, मार्सेलीन वहिनींनी, फ्रिज उघडला आणि सुरमईचा वास थेट गल्लीत गेला. मासे फेकून आल्या, हात धुतले आणि विचारलं, "झालं का गाणं?"

नव्हतं झालं.

*

नव्हतं झालं, कारण आता सगळं चालत होतं, पण उशिरा. मी सूर दाबायचो, तो स्पीकरमधून जरा वेळानं यायचा. दिसायला काहीच नाही, पण गाणाऱ्याची वाट लागते. एल्यास सुरासाठी थांबायचा, सूर यायचा, तोवर त्याचा श्वास संपायचा.

मी सेटिंगमध्ये शिरलो. हे कमी कर, ते वाढव. म्हटलं, "थांब रे एल्यास, होईल. आज नाही तर पुढच्या आठवड्यात बसवू."

तो शांतपणे म्हणाला, "सूर उशिरा आला तर चालेल रे. मला उशीर करून चालणार नाही."

त्या दिवशी चहा तसाच राहिला. जाताना स्टॉपवर बाळू म्हणाला, "संज्या, तुका खरांच येता ना ह्यां?" बाळू घाबरला की मालवणीत जातो. मी हो म्हटलं. मला येत नव्हतं.

*

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी मात्र जमलं! सेटिंगमधला एक आकडा बदलला आणि सूर बोटाखाली आला. मी ओरडलोच. वहिनींनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. एल्यासनं इस्त्रीचा शर्ट घातला, पूर्वी कार्यक्रमाला घालायचा तसा.

हळदीला म्हणायचा ते गाणं घेतलं. आवाज फाटका होता, पण प्रत्येक जागा जागेवर. वरच्या सुराला शिरा ताणल्या, मला वाटलं आता तुटतो. नाही तुटला. शेवटची ओळ संपली तेव्हा तो भिंतीला धरून उभा होता. बाळू रडत होता.

मग आम्ही ते ऐकायला लावलं.

कीबोर्ड झकास आला होता. एकेक सूर मोत्यासारखा. एल्यासचा आवाज कुठेच नव्हता. हबनं मधेच केव्हातरी माइक सोडून दिला होता, आणि आम्ही तिघं गाण्याकडे बघत होतो, स्क्रीनकडे कोणीच नाही.

मी माइक दुसऱ्या भोकात लावला. बाळूनं मोबाइल काढला. एल्यासनं तोंड उघडलं, तर नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा.

तो माझ्या खांद्यावर हात ठेवून कुजबुजला, "जाऊ दे. कॅराओके झाला."

*

ऑपरेशन झालं. एल्यास वाचला. घरी आल्यावर आम्ही भेटायला गेलो. गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळी. मला वाटलं होतं त्याची नजर चुकवावी लागेल, पण त्यानं खुणेनंच आम्हाला खुर्च्यांवर बसवलं, प्रेक्षकांना बसवतात तसं. वहिनींना आतून बोलावलं. त्या ओले हात पदराला पुसत दारात उभ्या राहिल्या.

त्यानं कॉम्प्युटर लावला. माझा कीबोर्ड वाजायला लागला.

एल्यास उभा राहिला. डावा हात कानाजवळ, उजवा पुढे. आणि तो गायला. ओठ हलत होते, मान डोलत होती, वरच्या सुराला टाचा उचलल्या. आवाज नाही. बाळूची बोटं मांडीवर ठेका धरून होती. मी जमिनीकडे बघत होतो. वहिनींनी डोळे मिटून घेतले होते.

गाणं संपलं.

वहिनींनी डोळे उघडले. म्हणाल्या, "दुसरं कडवं जरा घाईत झालं."

एल्यासनं मान डोलावली, आणि गाणं पहिल्यापासून लावलं.