बोटाखालचं नाव

खापराचा तुकडा हातात आला, की मावशी आधी तो जिभेला लावायच्या. पदराला पुसायच्या, जिभेवर टेकवायच्या, डोळे मिटून घ्यायच्या. मग निकाल. "कच्ची भाजलीय." "ही माती नदीची." तुम्ही पाहिलं असतं, तर तुम्हीही हसला असतात. आम्ही सगळेच हसायचो.

मावशी पंचवटीतल्या कुंभाराच्या घरातल्या. भाजीबाजारामागच्या बोळात माठ विकायच्या. नाशिकजवळच्या एका टेकाडावर खोदकाम निघालं तेव्हा खापरं धुवायला आल्या, आणि त्यांचा हात बघून उत्खनन चालवणाऱ्या आमच्या सरांनी त्यांना पुढे कोकणातही नेलं. तिथं समुद्राकाठी जुन्या बंदराचं अख्खं शहर गाडलेलं. तटबंदी अर्धी वाळूत, अर्धी पाण्यात. मी सायखेड्याचा, घराण्यातला पहिला पदवीधर. नोंदी लिहायला होतो. मावशींनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए बीए, पाणी आण."

एकदा तटाच्या पायथ्याशी एका मोठ्या भांड्याचा कान निघाला. सर म्हणाले, इथलाच. मावशींनी जीभ लावली आणि थुंकल्या.

"ही माती आपली नाय. लय लांबची हाय."

"मावशी, मातीचा पासपोर्ट बघितला का?"

"तुमी पोथ्या बघा सर. माती मी बघते."

प्रयोगशाळेतून उत्तर आलं, ते मावशींचंच. माती समुद्रापलीकडची. त्यावर सरांची भाषणं झाली, मग अहवाल छापून आला. इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर. शेवटच्या पानावर आभार. त्यात माझं नाव होतं. मावशींचं नव्हतं. 'स्थानिक मजूर' एवढंच. स्थानिकसुद्धा नव्हत्या हो त्या.

सरांना विचारायची माझी छाती झाली नाही. पुढची नोकरी त्यांच्या सहीवर होती.

अहवाल घेऊन मी पंचवटीत गेलो. खरं सांगतो, स्वतःचं छापील नाव मिरवायलाच गेलो. मावशींनी आधी हात धुतले.

"माझं नाव लिवलं ना सरांनी?"

"लिहिलंय की."

"कुठं? बोट ठेव माझं."

मी त्यांचं बोट धरलं आणि माझ्या नावावर ठेवलं.

त्या पानाची झेरॉक्स त्यांनी मागून घेतली. गिऱ्हाईक माठ वाजवून बघायला लागलं, की मावशी कागद पुढे करायच्या. "माठ मागून वाजव. आधी हे वाच." लोक मान डोलवायचे. बाजारात इंग्रजी वाचत कोण थांबतं?

यंदा मावशी गेल्या. दहाव्याला गेलो, तर त्यांच्या नातीनं तो कागद आणून समोर धरला. ती आता कॉलेजात आहे. घडीवर विरलेला कागद, आणि एका ओळीवरची शाई बोट फिरून फिरून पुसट झालेली.

"आजी रोज इथंच बोट ठेवायची," ती म्हणाली. "मला इंग्रजी वाचता यायला लागलं, तेव्हा कळलं. तिला नाही सांगितलं."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"तुमचंच आहे, काका. घेऊन जा."