टाकीवरची उडी

लग्न होऊन मिरजेहून चेन्नईला आले तेव्हा सासूबाईंचं मराठी ऐकून मला वाटलं, या बाई माझी थट्टा करताहेत. घराणं मूळ तंजावरकडचं. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेल्या या लोकांनी मराठी सोडलं नव्हतं, फक्त ते जुनं राहिलं होतं आणि त्यात निम्मं तमिळ येऊन बसलं होतं. 'काय करतेस कीं?' असं त्या विचारायच्या तेव्हा मी पहिले काही महिने ओठ चावून हसू दाबत असे. पुढे सवय झाली. मी चिडले की माझ्याही तोंडून 'अय्यो' निघू लागलं आणि चिडायला मला फार वेळ लागत नाही.

आमचं बिऱ्हाड अंबत्तूरला होतं. नवरा तिथल्याच एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. मला माउंट रोडमागच्या एका गल्लीत सिनेमा वितरणाच्या ऑफिसात नोकरी मिळाली होती. मालकांना मुंबईशी हिंदीत बोलणारं माणूस हवं होतं. घरात तिसरा पगार धाकट्या दिराचा. तो 'सिनेमात असिस्टंट' आहे, असं सासूबाईंना सांगितलेलं होतं. खरं म्हणजे तो डूप होता. हीरोचे कपडे घालून हीरोच्या जागी उड्या मारायच्या, काचा फोडायच्या, आगीतून पळायचं आणि कॅमेऱ्याकडे तोंड करायचं नाही, हे त्याचं काम. नवऱ्याला आणि मला माहीत होतं. आईला सांगितलं तर ती जेवण सोडेल, म्हणून आम्ही तिघं गप्प होतो.

त्याच काळात एका मोठ्या सिनेमाचं काम सुरू झालं. तमिळ, तेलुगू, हिंदी अशा तीन भाषांत एकदम निघणारा, उडणाऱ्या, मुखवटेवाल्या, निळ्या सूटवाल्या हीरोचा. आमच्या मालकांनी काही जिल्ह्यांचे हक्क मुहूर्ताच्या आधीच घेऊन ठेवले होते. मुहूर्ताच्या पूजेत कापूर पेटवला तेव्हा कॅमेऱ्यापुढे मालकही हात जोडून उभे होते. गुम्मिडिपूंडीच्या बाजूला एका बंद कारखान्याच्या आवारात अख्खं शहर उभं केलं होतं, म्हणजे शहराचं छत तेवढं. गच्च्या, पाण्याच्या टाक्या, अँटेना. खाली मजूर सावलीला झोपायचे.

सूट परदेशातून शिवून आणलेला, रबरासारखा. त्याच्या दोन प्रती होत्या, एक हीरोची, एक दिराची. हीरो शॉट झाला की थंडगार गाडीत जाऊन बसायचा. दीर त्याच सूटमध्ये चेन्नईच्या मे महिन्यात पुढच्या शॉटची वाट बघत उभा. घरी आला की पाठ आणि काखा लालभडक झालेल्या असायच्या. सासूबाई चंदन उगाळून लावायच्या आणि विचारायच्या, "असिस्टंटाला असें काय होतें रे? उन्हांत उभें करतात कीं काय?" तो म्हणायचा, "होय आयी, छत्री धरायची असते."

मला तो सगळं सांगायचा. मी वितरणात होते, सिनेमातलीच होते, असं त्याला वाटायचं. रिळांच्या डब्यांच्या पावत्या करणारी मी काय सिनेमातली! पण त्याला कुणाला तरी सांगायचं असायचं. सिनेमातली सगळ्यात मोठी उडी टाकीवरची, हे त्यानंच मला सांगितलं. हीरो गच्चीवरून पळत येतो, टाकीवर चढतो आणि तिथून समोरच्या इमारतीवर झेप घेतो. कमरेला दोरी, दोरी क्रेनवरून पलीकडे आणि पलीकडे जमिनीवर स्टंटची माणसं. मास्टरची शिट्टी झाली की त्यांनी दोरी धरून उलट्या दिशेनं धावायचं, की हा इकडे हवेत उचलला जातो. दोरी नंतर कंप्यूटरवर पुसतात आणि चेहरा हीरोचा लावतात. "चेहरा लावूंदेत वैनी," तो म्हणायचा, "पळणें कुणाचें लावतील? तें माझेंच."

त्या उडीच्या दिवशी शिट्टी झाली आणि पलीकडची माणसं धावली. दोरी मध्येच कुठेतरी अडकली आणि मग एकदम सुटली. दीर समोरच्या गच्चीवर पोहोचलाच नाही. भिंतीवर आदळून खाली आला. कमरेखालचं सगळं लुळं पडलं.

इस्पितळात प्रॉडक्शन मॅनेजर आमच्या आधी पोहोचला होता. हात जोडून, डोळे पुसत तो आम्हाला बाजूला घेऊन बोलला. कंपनी सगळं बघेल, उपचारांची काळजी करू नका, फक्त एवढंच, की पोरगा सेटवर जेवणाच्या तंबूत ओल्या फरशीवर घसरला असं म्हणायचं, सिनेमा लागेपर्यंत. कारण जाहिरातीचा सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा होता: या सिनेमात डूप नाही, सगळं हीरोनं स्वतः केलंय. मी भांडले. नवऱ्यानं माझा दंड धरला. आत दिराच्या नाकातोंडात नळ्या होत्या, त्या चालू राहायला हव्या होत्या. मी गप्प बसले, पण अंगाचा तिळपापड झाला होता आणि आजही त्या माणसाचे जोडलेले हात आठवले की होतो.

सासूबाईंनी तंबूची गोष्ट तशीच्या तशी घेतली. शेजारणींना सांगू लागल्या, "जेवायच्या जागीं घसरून पडला पा माझा मूल. काय दैव!" घरी आणल्यावर दीर बाहेरच्या खोलीत पलंगावर पडून हे रोज ऐकायचा. भेटायला येणारा प्रत्येक जण तंबूची चौकशी करायचा. फरशी कसली होती, पाणी कुणी सांडलं होतं! एका बाईनं तर त्याला सल्ला दिला की चप्पल चांगल्या रबराची घ्यायची असते. पाय भुईला टेकणारच नाहीत तर चप्पल कुठली, हे त्या बाईला कोण सांगणार?

मग जाहिरात सुरू झाली. बिस्किटांच्या पुड्यावर निळा मुखवटा, दप्तरांवर मुखवटा, बसच्या पाठीवर मुखवटा. आमच्या रस्त्यावरची मुलं पुठ्ठ्याचे मुखवटे लावून कट्ट्यांवरून उड्या मारू लागली. टीव्हीवर हीरो कोपराचं खरचटलेलं दाखवत होता. ट्रेलरमध्ये टाकीची उडी नव्हती, ती थिएटरातच बघा म्हणून राखून ठेवली होती. एका तमिळ साप्ताहिकात त्याची मोठी मुलाखत आली, उडी मारताना मनात काय होतं, देवाचं नाव कसं घेतलं, वगैरे.

ते साप्ताहिक सासूबाई वाचत होत्या तेव्हा दिराचा बांध फुटला. त्यानं आईला सगळं सांगितलं. छत्री नाही, तंबू नाही, ती उडी माझी. सासूबाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि बोट पानावर ठेवून म्हणाल्या, "हा सांगतो कीं मींच उडी मारली. एवढा मोठा माणूस. छापून आलें आहे. त्यानें खोटें कशाला सांगावें रे?"

 मी बोलले, तावातावानं बोलले, नवराही बोलला. सासूबाई ऐकत होत्या, मान हलवत होत्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, की पडून पडून पोराच्या डोक्यात काहीतरी शिरलंय आणि ही दोघं त्याचं मन राखताहेत. त्यांनी त्याचं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "असूंदे कण्णा, असूंदे." मला वाटतं, भिंतीवर आदळताना त्याला जेवढं लागलं नसेल तेवढं त्या 'असूंदे'नं लागलं.

त्या दिवसापासून त्याचं एकच चालू झालं. आईला सिनेमा दाखवायचा. चेहरा कुणाचाही असो, आपलं पळणं आई ओळखणार. चालायला लागल्यापासून तिनंच बघितलंय ते. व्यायाम नाही, औषधाची वेळ नाही, सिनेमा कधी लागतोय एवढंच विचारायचा.

लागला. प्रिंटच्या पेट्या ऑफिसात आल्या, मालकांनी त्यांच्यावर हळदकुंकू वाहिलं, कापूर ओवाळला आणि पेट्या बसच्या टपांवरून गावोगाव गेल्या. शुक्रवारी सगळे खेळ चाहत्यांच्या संघटनांनी आधीच उचलले होते. मी हातापाया पडून सकाळच्या खेळाची तिकिटं मिळवली. सासूबाई म्हणाल्या, शुक्रवारी सकाळी राहुकाळ. इस्पितळातून आलेल्या पोराला पहिल्यांदा घराबाहेर काढायचं ते राहुकाळात? शनिवारी अष्टमी निघाली, रविवारी नवमी, दोन्ही तिथी त्यांच्या लेखी वर्ज्य. सोमवारी नवऱ्याची पहिली पाळी, खुर्ची ढकलायला कोणी नाही. मंगळवारी तर त्या घरात सुईसुद्धा विकत आणत नसत. दीर म्हणाला, बुधवारी जाऊ, तिच्या मनासारखं होऊ दे. तिला प्रसन्न मनानं बघू दे.

आणि सोमवारी ऑफिसात सिनेमा कापायचा निरोप आला.

आमच्याकडे ही पद्धतच होती. सिनेमा लांबला, लोक कंटाळले की पहिला शनिवार-रविवार उलटल्यावर निर्माता सांगतो अमुक भाग काढा, आणि प्रत्येक थिएटरातला ऑपरेटर आपल्या हातानं रीळ कापून पुन्हा चिकटवतो. सिनेमा पडला होता. ठिकठिकाणच्या थिएटरांतून आमच्या माणसांनी कळवलं होतं की टाकीच्या उडीला पब्लिक हसतंय, शिट्ट्या मारतंय, ओरडतंय. म्हणून आधी तीच काढायची. माझ्या दिराचा कणा ज्या उडीत मोडला तिला लोक हसत होते. आणि आता थिएटरांना फोन करून ती उडी काढायला सांगणं हे माझं काम होतं.

बाकी सगळ्यांना फोन केले. अंबत्तूरच्या थिएटरच्या ऑपरेटरला मात्र खरं ते सांगितलं. वर्षानुवर्षं फोनवर बोलत होतो आम्ही, एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, ती उडी मारणारा माझा दीर आहे, त्याला त्याच्या आईला ती दाखवायचीय, बुधवार दुपारपर्यंत थांबा. त्यानं दुपारच्या खेळाची वेळ सांगितली. मग म्हणाला, "बाजूच्या फाटकानं या अम्मा, तिथं पायऱ्या नाहीत."

बुधवारी देवीला नारळ फोडून आम्ही निघालो. नवऱ्यानं चाकाची खुर्ची ढकलली आणि आम्हाला आत सोडून तो शिफ्टला गेला. थिएटर जवळजवळ रिकामं होतं. मागे कॉलेजची काही मुलं वर्ग बुडवून पंख्याखाली बसायला आलेली. खुर्ची दोन रांगांच्या मधल्या वाटेत लावली, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला मी. दिरानं दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. मध्यंतर झालं. तो आईला म्हणाला, "आतां येईल. पळणें बघ. चेहरा बघूं नको."

निळा सूट गच्चीवरून पळत आला. टाकीवर चढला. झेप घेतली आणि हवेत गोल गोल फिरत, पाय लांब करत, ढगांच्याही वर जाऊन पलीकडे अलगद उतरला. मागची मुलं खो खो हसली. मलाही कळलं लोक का हसत होते. ते माणसाचं पळणंच नव्हतं. त्या देहाला वजन नव्हतं, पाय टाकीला टेकतच नव्हते. कंप्यूटरवर काढलेला बाहुला होता तो, पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत.

दिराचं बोट माझ्या हातावर आलं. "वैनी," तो अगदी हळू म्हणाला, "हा मी नव्हे. पळणेंही माझें नव्हे. कांहींच ठेवलें नाहीं त्यांनीं."

मला ओरडायचं होतं. पण तेवढ्यात पलीकडून सासूबाई उभ्या राहिल्या. मागच्या मुलांकडे वळून त्या तमिळमध्ये कडाडल्या, हसता काय रे, माझा मुलगा आहे तो! मुलं चपापून गप्प झाली. सासूबाई खाली बसल्या, पदरानं डोळे पुसू लागल्या, पुन्हा पुन्हा त्याच्या दंडावर चापट्या मारू लागल्या. "तूंच कीं रे! बघितलें मीं, बघितलें! लहानपणीं असाच पळत होतास, पाय भुईला लागत नव्हते. माझेच मेलीचे डोळे फुटले होते, त्या छापलेल्यावर विश्वास ठेवला. तूंच ना रे? सांग, तूंच ना?"

पडद्याच्या उजेडात मला त्याचा चेहरा दिसत होता. तो आईकडे बघत होता.

"होय आयी," तो म्हणाला. "मींच."

सासूबाईंनी त्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि सिनेमा संपेपर्यंत त्या तो चेपत राहिल्या. एवढी मोठी उडी मारलेला पाय, दुखत असेल, म्हणत होत्या. त्याला त्यातलं काहीही जाणवत नव्हतं.